पंक्तिप्रपंच

‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द हल्ली बोलण्यात फारसा येत नाही. पाटावरच्या पंगती गेल्या, बुफेची टेबले आली, आणि वाढप्याच्या हातातल्या अधिकाराबरोबर त्या अधिकाराच्या गैरवापराला असलेले नावही मागे पडले. एकाच पंगतीला बसलेल्यांना निरनिराळे वाढणे, एकाच्या भातावर तुपाची धार आणि शेजारच्याला तूप ‘आत्ताच संपले’, जिलबी वरच्या टोकाला दोनदा फिरवायची आणि खालच्या टोकाला पोचेपर्यंत परात रिकामी, असा त्याचा अर्थ. ह्या शब्दातली बोच अशी की पंगतीतून कोणालाही उठवलेले नसते. सगळे बसलेले असतात, पानेही सगळ्यांपुढे मांडलेली असतात. फक्त वाढताना हात आखडतो. आपल्या समीक्षेने ‘अपांक्तेय’ हा शब्द पुष्कळ वापरला, कारण जे पंगतीबाहेर ठेवले गेले त्यांचा प्रश्न ठळक होता. पंगतीत घेऊन मग हात आखडण्याचा प्रकार मात्र पुराव्यात पकडता येत नाही, आणि म्हणूनच कदाचित त्यावर फारसे लिहिलेही जात नाही.

मला हा शब्द गेली काही वर्षे वारंवार आठवतो तो एका यंत्रामुळे. ते यंत्र म्हणजे राऊटर.

कर्जत आणि खालापूर ह्या तालुक्यांच्या सीमेवर, डोंगराच्या पोटाशी आमचे महाविद्यालय आहे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी महाविद्यालये पुष्कळ आहेत. पन्नास मेगाबिटांची एक जोडणी, दोन संगणक-प्रयोगशाळा, कार्यालय, ग्रंथालय आणि मधल्या सुट्टीत एकदम जागे होणारे शे-दीडशे मोबाइल. अकरा वाजले की सगळे ठप्प. मग समिती नेमली गेली. मराठीच्या प्राध्यापिकेचे इंटरनेट समितीत काय काम, असे कोणी विचारील. काम एकच: इतिवृत्त लिहिणे. संस्थेचा कारभार मराठीतून चालतो, आणि समितीतल्या बाकीच्यांना ‘प्रायॉरिटी क्यू’ला मराठीत काय म्हणावे ह्याची चिंता नव्हती, ती माझ्यावर सोपवण्यात आली. शब्द शोधायचा तर गोष्ट समजून घ्यावी लागते. त्यामुळे खोपोलीहून जो तंत्रज्ञ येतो, जो आमचाच माजी विद्यार्थी आहे, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मी दोन-तीन दुपारी बसले.

तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही मला फक्त क्रम लावून द्या. आधी कोण, मग कोण. बाकीचं मी बघतो.”

ह्या सगळ्या व्यवहाराला इंग्रजीत ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. नाव गुणवत्तेचे आहे, काम टंचाईच्या वाटपाचे आहे. जोडणी पन्नास मेगाबिटांची असेल तर ती पन्नासाचीच राहते; नियम लिहून एकही बिट वाढत नाही. मार्ग मोकळा असतो तेव्हा हे नियम झोपलेले असतात. येणारे प्रत्येक पॅकेट येते आणि जाते, उच्च कोण, नीच कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. बाहेर जाणाऱ्या वाटेपेक्षा आत येणारी गर्दी मोठी झाली की रांग लागते, आणि रांग लागली की क्रम लागतो. दुष्काळात टँकर आला की गावाचा खरा नकाशा दिसतो, तसे हे आहे.

राऊटर काय पाहतो? आपण पाठवलेला मजकूर, चित्र, आवाज, सगळे लहान लहान तुकडे करून पाठवले जाते. जास्तीत जास्त पंधराशे बाइटांचा एक तुकडा. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो: कुठून आला, कुठे जायचा, कोणत्या दाराने आत शिरायचा. ह्या दाराला पोर्ट म्हणतात आणि त्याला क्रमांक असतो. जुन्या काळी एवढ्यावरून काम भागत असे. अमुक दार म्हणजे ईमेल, तमुक दार म्हणजे वेबपान. आता बहुतेक सगळी रहदारी एकाच दारातून, कुलूपबंद पेटीतून जाते. आत काय आहे ते राऊटरला दिसत नाही. पोस्टमनने पत्र वाचू नये ही अपेक्षा इथे सक्तीने पाळली जाते. पण वाचता येत नसले तरी वर्ग पाडायचाच असतो. मग तो पाकिटावरचे नाव पाहतो, पाकिटाचा आकार पाहतो, आणि पाकिटे कोणत्या लयीत येतात ते पाहतो.

हा शेवटचा भाग मला, एक साहित्याची विद्यार्थिनी म्हणून, विलक्षण वाटला. माणूस बोलत असेल तर लहान लहान तुकडे दर वीस मिलिसेकंदांच्या आसपास, जवळजवळ सारख्या अंतराने आणि दोन्ही दिशांनी जातात. चित्रपट चालू असेल तर मोठे तुकडे झुंडीने एकाच दिशेने येतात, मग थोडी विश्रांती, पुन्हा झुंड. मोठी फाइल उतरत असेल तर पूर्ण भरलेले तुकडे एकामागोमाग, श्वास न घेता. म्हणजे अर्थ कळत नसताना केवळ चालीवरून ओळखायचे. अपरिचित भाषेतले गाणे दुरून ऐकताना ही ओवी नव्हे, हा पोवाडा नव्हे, हे पाळणागीत असावे, असे आपण म्हणतो, तसेच हे. छंदावरून प्रकार ठरवणे ही समीक्षेची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात फसवी रीत. ती इथे एका लोखंडी डब्यात भेटली.

वर्ग ठरला की राऊटर त्या तुकड्याच्या कपाळावर एक खूण लावतो. ह्या खुणेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. इंटरनेटचा मूळ नियमग्रंथ १९८१ च्या सप्टेंबरात निघाला. त्यात प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागात तीन बिटांची जागा अग्रक्रमासाठी राखलेली होती. तीन बिटांत आठ पायऱ्या बसतात, आणि त्या आठ पायऱ्यांची नावे खालून वर अशी सुरू होतात: रूटीन, प्रायॉरिटी, इमीजिएट, फ्लॅश, फ्लॅश ओव्हरराइड. ही नावे कोणा संगणकतज्ज्ञाला सुचलेली नाहीत. ती अमेरिकी सैन्याच्या संदेशवहनातून जशीच्या तशी आली. ‘फ्लॅश ओव्हरराइड’ हा हक्क तिथल्या लष्करी दूरध्वनी-जाळ्यात राष्ट्राध्यक्ष आणि सर्वोच्च सेनाधिकारी अशा मोजक्यांना होता. म्हणजे आपल्या वाडीतल्या मुलाने आईला पाठवलेल्या निरोपाच्या पाकिटावरही अणुयुद्धाच्या धास्तीतून जन्मलेली एक चौकट असते. तिच्यात शून्य लिहिलेले असते एवढेच. १९९८ च्या डिसेंबरात ती चौकट रुंद झाली. तिनाच्या जागी सहा बिटे, आठाच्या जागी चौसष्ट शक्यता. लष्करी नावे बरीचशी मागे पडली आणि आकडे आले. आवाजाला सर्वसाधारणपणे ४६ हा आकडा देतात. ज्याला काहीच दिले नाही त्याचा शून्य, आणि त्या शून्याच्या वर्गाचे नाव आहे ‘बेस्ट एफर्ट’.

‘बेस्ट एफर्ट’! इंग्रजीत ऐकताना वाटावे की ह्याच्यासाठी जीव तोडून प्रयत्न होणार. प्रत्यक्षात अर्थ असा: जमले तर पोचवू, नाही तर नाही, तक्रार चालणार नाही. मी इतिवृत्ताच्या कच्च्या मसुद्यात त्याला ‘यथाशक्ती’ लिहिले. लग्नपत्रिकेत नसले तरी पूजेच्या संकल्पात हा शब्द अगदी ह्याच अर्थाने येतो.

त्याच्याही खाली एक पायरी आहे. जाळ्यांच्या पाठ्यपुस्तकांत आणि राऊटर बनवणाऱ्यांच्या मार्गदर्शिकांत त्या पायरीचे रूढ नाव ‘स्कॅव्हेंजर’. बाकी सगळ्यांचे वाढून झाल्यावर काही उरले तर ते ह्या वर्गाला. इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हा शब्द ऐकून गिधाड किंवा कोल्हा येत असेल. आपल्याकडे तो शब्द कायद्याच्या पुस्तकात आहे, १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या, आणि तिथे तो माणसांना लावलेला आहे. ओमप्रकाश वाल्मीकींच्या १९९७ च्या हिंदी आत्मकथनाचे नावच ‘जूठन’. पंगत उठल्यावर पत्रावळीत जे राहते त्याच्यावर ज्यांचा हक्क मानला गेला, त्यांची गोष्ट त्या नावात आहे. तंत्रज्ञाने पडद्यावर हा शब्द टंकला तेव्हा त्याला त्यात काहीच दिसले नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याने तो शब्द परीक्षेसाठी पाठ केला होता. मी त्याला तो बदलायला सांगितले. वर्गाला कोणतेही नाव दिले तरी यंत्राला चालते. त्याने ‘क्लास-५’ केले.

अग्रक्रम विकण्याची किंवा वाटण्याची पद्धत राऊटरने आणली असे मुळीच नाही. माझ्या पिढीने ट्रंक कॉलचा काळ शेपटाकडून पाहिला. पोस्टात जाऊन कॉल ‘बुक’ करायचा, आणि तेव्हा तिकडून प्रश्न येई: ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग? जितकी घाई तितका दर. तारेचेही तसेच होते, साधी आणि एक्स्प्रेस, आणि मृत्यूची तार इतरांच्या पुढे जाई. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, पण त्या व्यवस्थेतली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिथे काउंटरवरचा माणूस मजकूर वाचत असे. ‘आई अत्यवस्थ’ हे शब्द त्याच्या डोळ्यांखालून जात. राऊटरला ते दिसत नाहीत, आणि आपल्या खासगीपणासाठी ते दिसू नयेत हेच योग्य आहे. ह्या दोहोंतला ताण सुटण्यासारखा नाही.

आमच्या भागातल्या माणसाला रहदारीचे वर्गीकरण समजावून सांगावे लागत नाही. तो त्याच्या मधोमध राहतो. कर्जत स्टेशनच घ्या. १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. सदतिसास एक असा चढ, त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून जोर द्यायला जादा इंजिने जोडावी लागत, ती कर्जतला. म्हणून बड्या बड्या गाड्या ह्या तालुक्याच्या गावी थांबत आल्या. थांबल्या म्हणून वड्याचा धंदा उभा राहिला, मुंबईकडची नोकरी शक्य झाली. थांबा आमच्यासाठी नव्हता. चढासाठी होता, आम्ही त्याचा फायदा घेतला. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिला घाटात मागून इंजिन लागत नाही, आणि ती कर्जतला थांबतही नाही. उलट बाजूने, एखादी लांब पल्ल्याची गाडी उशिरा आली की तिला वाट देण्यासाठी खोपोलीची किंवा कर्जतची लोकल बाजूला उभी करतात. लोकलमधल्या माणसाला ह्याचा राग येतो, पण आश्चर्य वाटत नाही. पंक्तिप्रपंच अंगवळणी पडतो तो असा.

द्रुतगती मार्गावर खालापूरचा टोलनाका आहे. तिथे वाहनांचे वर्ग ठरलेले: मोटार, हलके मालवाहू, बस, ट्रक, मग आसांच्या संख्येप्रमाणे वरचे. दुचाकी आणि रिक्षा ह्यांना त्या मार्गावर प्रवेशच नाही. म्हणजे ज्या गावांच्या जमिनीवरून तो गेला त्या गावांतल्या बहुतेकांच्या दारात जे वाहन असते तेच अपांक्तेय. नाका आसे मोजतो, आतल्या माणसाचे काम मोजत नाही. अपवाद रुग्णवाहिकेचा, आणि तोही बाहेरच्या रंगावरून व दिव्यावरून ओळखायचा. दिव्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. जाळ्यांच्या शास्त्रात ‘विश्वासाची सीमा’ अशी एक कल्पना आहे. पॅकेटवर ४६ ची खूण पाठवणारा स्वतःच लावू शकतो. मग प्रत्येक जण लावील, आणि सगळेच तातडीचे झाले की तातडीला अर्थ राहणार नाही. म्हणून शहाणा राऊटर उंबऱ्यावरच बाहेरच्या खुणा पुसून टाकतो आणि आपल्या नियमाने नव्या लावतो. आपल्या देशात लाल दिव्याच्या बाबतीत नेमके हेच करावे लागले; १ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले. त्या आधीची कित्येक वर्षे उंबरठ्यावर पुसणारे कोणी नव्हते.

आणखी एक गोष्ट ह्या दोन तालुक्यांची. मोठ्या वाहिन्या इथून ‘जातात’. १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातली वीज तारांवरून मुंबईला जात आली. तारांखालच्या वाड्यांत दिवा लागायला पुढे कित्येक दशके गेली. १९४२ साली भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने ह्याच भागात विजेचे मनोरे पाडले, कारण साम्राज्याची नस कुठून जाते हे त्यांना ठाऊक होते. आज लोहमार्गाच्या कडेने काचतंतूंची केबल जाते. तिच्यातून दर सेकंदाला किती मजकूर आमच्या शेतांशेजारून पुढे जात असेल त्याची कल्पना करवत नाही. आमच्या वाट्याला पन्नास मेगाबिट आले.

असो. समितीसमोर आलेल्या यादीकडे वळते.

पहिला क्रमांक परीक्षेचा. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका परीक्षेच्या सकाळी संगणकावर येते. ती वेळेत उतरली नाही तर सगळा दिवस कोसळतो. ह्यावर वाद नव्हता. दुसरा, कार्यालयातले इंटरनेटवर चालणारे दूरध्वनी आणि ऑनलाइन बैठका. तिसरा, कार्यालयीन कामकाज आणि ईमेल. चौथा, यथाशक्ती, म्हणजे उरलेले सगळे. आणि पाचवा, तळाचा: ‘मनोरंजन व समाजमाध्यमे’. हा पाचवा वर्ग कोणीही मुद्दाम दुष्टपणे केलेला नव्हता. राऊटरसोबत जी तयार वर्गवारी येते तिच्यात यूट्यूब ‘मनोरंजन’ ह्या सदरात आणि व्हॉट्सॲप ‘समाजमाध्यम’ ह्या सदरात आधीच टाकलेले असते. ती सदरे कोणत्या देशात, कोणाच्या कचेरीत, कोणत्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून बनली हे विचारण्याची सोय नाही. आपण फक्त सदराला आकडा द्यायचा.

यूट्यूबबद्दल माझा आक्षेप विषयाचा होता. लोकसाहित्याच्या तासाला मी भारूड, दशावतार, जात्यावरच्या ओव्या ऐकवते; छापील पुस्तकात ह्या गोष्टींचे फक्त कलेवर मिळते. त्यांचे ध्वनिमुद्रण जिथे सहज मिळते ती जागा म्हणजे यूट्यूब. यंत्राच्या लेखी ओवी आणि क्रिकेटचा झेल एकच. ह्या आक्षेपाला सहकाऱ्यांनी हसून मान्यता दिली आणि पुढचा विषय घेतला. तास माझा होता, मी ध्वनिफिती आधी उतरवून घेऊ शकत होते, त्यामुळे मीही ताणले नाही.

व्हॉट्सॲपचा प्रश्न वेगळा होता. तो २०२३ च्या पावसाळ्यात समजला.

आमच्या विद्यार्थ्यांत ठाकर आणि कातकरी वाड्यांवरची मुले आहेत. बहुतेकांच्या घरातली ती शिकलेली पहिली पिढी. घरी फोन असतो, पण आई निरोप लिहीत नाही. ती बोलते. कॉल लागला तर बोलते, नाही तर बोललेले ध्वनिमुद्रित करून पाठवते. इमारतीच्या आत, डोंगराच्या आडोशामुळे मोबाइलची रेंज जेमतेम असते, म्हणून मुले महाविद्यालयाच्या वाय-फायवरून व्हॉट्सॲपचा कॉल करतात. आता वरची यादी पुन्हा पाहा. कार्यालयातल्या दूरध्वनीवर कारकून ‘बिल पाठवा’ म्हणतो तो आवाज दुसऱ्या वर्गात, ४६ च्या टिळ्यासह. मुलगी आईला ‘पाणी किती चढलं’ विचारते तो आवाज पाचव्यात. दोन्ही आवाजच आहेत, तेच वीस मिलिसेकंद, तेवढेच लहान तुकडे. उशीर झाला की दोन्ही सारखेच तुटतात, कारण आवाजाचा उशिरा आलेला तुकडा वापरताच येत नाही. ईमेल दोन सेकंद उशिरा आले तर कोणाला कळतही नाही. शास्त्राप्रमाणे पाहिले तर ह्या दोन आवाजांत भेद करायला जागा नव्हती. भेद होता तो मालकीचा: एक संस्थेच्या यंत्रातून निघालेला, दुसरा खिशातल्या. आणि त्याच्या खाली आणखी एक जुना भेद होता, जो आपल्या क्षेत्रातल्यांनी तरी ओळखायला हवा. लिहिणाऱ्यांचा व्यवहार ‘काम’ ठरला होता, बोलणाऱ्यांचा ‘करमणूक’.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत, माणसांनी पायी चढून कुदळ-फावड्यांनी माती उपसली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ताच राहिली आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. त्यानंतरच्या दिवसांत पाऊस थांबला नव्हता आणि डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीत तीच धास्ती होती. महाविद्यालय सुरू असे तेव्हा मुले तासाला बसत, पण कान घरी असत. मधल्या सुट्टीत सगळी एकदम फोन लावत. त्याच वेळी कार्यालयात प्रवेशाचे काम, प्रयोगशाळेत संगणकांची अद्ययावत आवृत्ती उतरते आहे, आणि नियमांप्रमाणे पाचव्या वर्गाला उरलेसुरले. कॉल लागायचा, पंगतीत बसायला मनाई नव्हती. आवाज मात्र चाळणीतून आल्यासारखा. “आये, ऐकू येत नाय, परत बोल,” असे व्हरांड्यात ओरडून म्हणणारी एक मुलगी शेवटी भर पावसात फाटकापर्यंत गेली, कारण तिथे मोबाइलचे दोन दांडे येत.

ऑगस्टच्या बैठकीत मी हा विषय मांडला. पहिला आक्षेप अपेक्षित होता: व्हॉट्सॲपला वर नेले तर मुले दिवसभर गप्पा मारतील आणि परीक्षेचे काम बुडेल. ह्याला उत्तर माझ्याकडे नव्हते, तंत्रज्ञाकडे होते. तो एरवी बैठकीत बोलत नाही. त्याने सांगितले की एका बोलण्याला शंभर किलोबिटही पुरतात. पाच मेगाबिटांची मर्यादा घातली तर एका वेळी पन्नास जण बोलू शकतील, आणि मर्यादा असल्यामुळे ते कितीही बोलले तरी उरलेल्या पंचेचाळीस मेगाबिटांना धक्का लागणार नाही. पहिल्या रांगेला मर्यादा घातलीच पाहिजे, नाही तर तीच सगळे गिळते, हा नियम सगळ्या पुस्तकांत आहे, असेही तो म्हणाला. व्हॉट्सॲपवरची चित्रे आणि चलच्चित्रे खालीच राहू द्या; फक्त आवाज वर घ्या. चालीवरून तो वेगळा काढता येतो. कधी चुकेल, पण पुष्कळदा बरोबर येईल.

खर्च पाच मेगाबिटांचा, म्हणजे दहा टक्क्यांचा, आणि तोही कोणी बोलत असेल तेव्हाच. बाकीच्या वेळी ती जागा इतरांना मोकळी असते. एवढ्यासाठी आईचा आवाज तुटत होता, हे कळल्यावर समितीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की हे सगळे भेदभावाचेच राजकारण आहे. भेदच नको, सगळ्यांना समान वागवा. त्यांना २०१६ चा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा निर्णय आठवत होता, ज्याने मजकुराप्रमाणे वेगवेगळे दर लावायला बंदी केली. त्या निर्णयाच्या बाजूने मीही तेव्हा पत्र पाठवले होते. पण तो निर्णय जोडणी विकणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, आणि त्याच प्राधिकरणाच्या २०१७ च्या शिफारशींत गर्दीचे वाजवी नियोजन मान्यच केलेले आहे. शिवाय सगळ्यांना समान रांगेत उभे केले तर आवाज हरतो. मोठी फाइल उतरवणारा एकटा माणूस रांग भरून टाकतो आणि वीस मिलिसेकंदांनी येणारा इवलासा तुकडा त्याच्यामागे ताटकळतो. ताकदवानाला आणि दुबळ्याला एकच रांग दिली की काय होते, हे आपल्याला राऊटरने शिकवायला नको. माझा मुद्दा भेद नसावा असा नव्हता. कोणत्या आधारावर भेद करतो ते कागदावर यावे, आणि ज्याच्या पानावर कमी वाढले जाते त्याला ते वाचता यावे, इतकाच होता. पंगतीतला पंक्तिप्रपंच असह्य होतो तो वाढपी ‘तूप संपले’ म्हणतो म्हणून.

ठराव झाला. आवाज, मग तो कुठल्याही यंत्रातला असो, दुसऱ्या वर्गात. मर्यादा पाच मेगाबिट. शिष्यवृत्तीचे महाडीबीटी संकेतस्थळ, जे यादीत नाव नसल्यामुळे ‘उरलेले सगळे’ मध्ये पडले होते आणि ज्याच्या अंतिम तारखांना मुले रात्री आठपर्यंत प्रयोगशाळेत बसत, ते तिसऱ्यात. ही सूचना कार्यालयातल्या लेखनिक बाईंची होती. पाचवा वर्ग राहिला. त्याचे मराठी नाव काय ठेवावे ह्यावर मात्र समिती अडली. मी ‘यथावकाश’ सुचवले. प्राचार्यांनी ते ठेवले आणि त्याऐवजी चौथ्या वर्गाचे माझे ‘यथाशक्ती’ खोडून ‘सर्वसाधारण’ केले. संस्था यथाशक्ती काम करते असे लेखी असू नये, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले नाही, पण इतिवृत्त लिहिणाऱ्याला मत नसते.

नियमांची यादी मराठीत, एका पानावर, ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर लावली. मुलांनी ती वाचली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. दोघा-तिघांनी मात्र येऊन विचारले की गेम कितव्या वर्गात येतो.

पुढे जोडणी दोनशे मेगाबिटांची झाली. दिवसातला बराच वेळ आता रांग लागतच नाही आणि सगळे वर्ग सारखेच पळतात. परीक्षेच्या सकाळी आणि शिष्यवृत्तीच्या शेवटच्या आठवड्यात तेवढे नियम जागे होतात. तंत्रज्ञ दर सत्राच्या शेवटी एक तक्ता पाठवतो: प्रत्येक वर्गात किती पॅकेटे आली, किती पोचली, किती टाकून दिली. दुसऱ्या वर्गाच्या शेवटच्या रकान्यात बहुधा शून्य असते. पाचव्याच्या रकान्यात सहा आकडी संख्या. तो तक्ता मी इतिवृत्ताला जोडते. गेल्या बैठकीत ग्रंथपालांनी विचारले की पाचव्यात जे टाकून दिले जाते त्यात नेमके काय असते, हे कळण्याचा काही मार्ग आहे का. तंत्रज्ञ म्हणाला, नाही, फक्त मोजता येते. विषय पुढील बैठकीवर ठेवण्यात आला आहे.